बेहड्यावरची माहेरवाशीण

पंचगंगा वन्यजीव नोंद मंडळ, कोल्हापूर
पत्रक, २१ फेब्रुवारी १९९९

सर्व स्वयंसेवकांस,

धनेश पक्ष्याचा विणीचा हंगाम सुरू होत आहे. ज्यांनी घरट्यावर नजर ठेवण्याचे कबूल केले आहे त्यांनी ते पाळावे. लग्न, बारसे, यात्रा ही कारणे गेल्या वर्षी फार झाली, यंदा चालणार नाहीत. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलेच लिहावे, दुसऱ्याने सांगितलेले नाही. घरट्यापाशी एकट्याने जावे. ज्यांना जमणार नाही त्यांनी कार्ड टाकून तसे कळवावे, गप्प बसू नये.

विद्याश्री, चिटणीस

ती. चिक्कव्वास शरणार्थ,

वरचं पत्रक बघून घाबरू नको, ते सगळ्यांना जातं. तुझं पत्र इथून खाली आहे.

तुझं संक्रांतीचं पत्र परवा पुन्हा काढलं. त्यात तिळगुळाच्या आणि चिमणाबाईच्या सुनेच्या मधे तू एक ओळ लिहिली आहेस, की काजूच्या कारखान्यामागच्या बेहड्यावर एक काळीपांढरी जोडी येतीया, चोचीवर शिंग असल्यासारखं हाय म्हणे, आणि उडताना केवढा आवाज. चिक्कव्वा, ही ओळ तू सगळ्यात आधी लिहायची की. तो धनेश आहे. जोडी एकाच झाडावर फिरून फिरून येते म्हणजे ढोली बघून ठेवलेली असणार.

आता नीट वाच. थोड्या दिवसांत मादी ढोलीत जाऊन बसेल आणि आतून तोंड लिंपून घेईल. चोच जाईल एवढी फट ठेवेल. मग अंडी, पिल्लू, सगळं आत. नर बाहेरून फळं आणून फटीतून भरवतो, पार जूनपर्यंत. त्यानं यायचं थांबवलं तर आतली दोघं उपाशी मरतात. म्हणून घरट्याजवळ गर्दी, आवाज, काही म्हणजे काही चालत नाही.

तू आठवड्यातून एकदा जायचंस, लांब बसायचंस आणि दिसेल ते मला लिहायचंस. एवढंच. मंडळात नावं भरपूर आहेत, माणसं नाहीत. झेरॉक्सवाला मला बघितलं की हसतो. आमचे अध्यक्ष आकाराम सर म्हणतात, यंदा एका तरी घरट्याची, मादी आत जाण्यापासून पिल्लू बाहेर पडेपर्यंत पूर्ण नोंद झाली नाही तर जूनच्या सभेत मंडळ बंद करून टाकू. मला रात्री झोप लागत नाही. सगळ्या जिल्ह्यात हे एकच घरटं मला हाताशी दिसतंय आणि ते तुझ्या दारात आहे.

आई गेल्यापासून तुझ्याकडे येणं झालं नाही, हे मला माहीत आहे. ते आत्ता काढू नको.

तुझी
विद्या

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चाफवाडी, ता. आजरा
९ मार्च १९९९

चि. विद्याश्रीस बसम्माचे अनेक आशीर्वाद.

मगळे, पोरी, पत्र पोचलं. वरचं पत्रक ऐकून माझ्या कारखान्यातल्या बायका काजू फोडायच्या थांबल्या. तानाबाई म्हणाली, ही नोटीस हाय का काय, आता जप्ती येणार व्हय. मी म्हटलं, न्हाय गं, माझ्या भाचीची मायेनं बोलायची तऱ्हाच तशी हाय. तिची आई पण जेवायला वाढताना दम द्यायची.

तर ऐक. तुझी बाई आत गेली. रविवारी आम्ही गेलतो, मी आणि चिमणाबाई. चिमणाबाई म्हणाली, एकटाच फिरतोय, दुसरं दिसंना. मग तिला ढोलीचं तोंड बारीक झालेलं दिसलं, आतनं चोच हालतीया म्हणाली, लिंपायचं काम चाललंय. तेवढ्यात तो आला. पंखांचा आवाज असा की लोहाराचा भाता चालावा. मी डोकं खाली घेतलं की.

हे कारखान्यात बायकांना सांगितलं. चिमणाबाईच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, अव्वा, बाळंतपणाला आलेल्या पोरीला कोण असं भिंतीत लिंपून घेतं का. मी म्हटलं, कोण दुसऱ्यानं लिंपलं न्हाय, तिचं तिनं घेतलंय. तेवढंच तिला घर हाय.

आता ती आमच्या वाडीची झाली. चार महिने ऱ्हाणार म्हणजे माहेरवाशीणच की. तू कधी येतीस? तुझी खोली मी झाडून ठेवलीया.

अक्षर मोठं आलंय. नवा पेन जाड हाय.

चिक्कव्वा

कोल्हापूर
१५ मार्च १९९९

ती. चिक्कव्वास शरणार्थ,

पत्र उभ्यानं वाचलं, ऑफिसात, साहेबांच्या समोर. नोंदीची सुरुवातच हाताला लागली. असं कधी होत नाही. आकाराम सरांना दुपारी फोन करून सांगितलं, ते नुसतं "बघू" म्हणाले. त्यांना काय बघायचंय ते बघू देत.

आता थोडं रागावणार आहे. पत्रकात एकट्यानं जावं असं स्पष्ट लिहिलं होतं. चिमणाबाईला कशाला नेलंस? त्या बडबड्या आहेत, हे तूच मला लिहीत असतेस. त्यांना नेऊ नको. आणि नवरा, बायको, माहेरवाशीण असलं लिहू नको. नर आणि मादी लिही. नर कुठली फळं आणतो ते लिही. झाडाखाली बिया पडतील त्या गोळा करून ठेव. आणि तो सकाळी किती वेळा येतो तेही बघ.

अक्षर खरंच फार मोठं झालंय. एका ओळीत चार शब्द. अंतर्देशीय पत्र वाया जातं, पेन बदल.

येण्याचं बघते. आम्हा दोघांनाही मार्चअखेर आहे, मला ऑफिसात, श्रीशैलला बँकेत. मंडळाची कामं वेगळीच. कबनूरचा एक माग चालवणारा सभासद होता, त्यानं कार्ड टाकून नाव कमी करायला सांगितलंय. "ताई, तुमच्या पत्रकाची धास्ती बसते" असं लिहिलंय. मी काय वाईट लिहिते गं?

विद्या

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चाफवाडी
५ एप्रिल १९९९

चि. विद्याश्रीस आशीर्वाद.

चिमणाबाईला नेऊ नको म्हणून तू लिहिलंस, ते पत्र तिनंच मला वाचून दाखवलं. माझे हात काजूच्या तेलात होते. वाचता वाचता तिनं कागद खाली ठेवला. पुढचं पान तानाबाईनं वाचलं. आता दोघींनाही न्हेते, तू काय करतीस ते कर.

तुझा नर लई कामाचा हाय. उंबरं आणतोय, वडाची फळं आणतोय, एकदा सरडा आणला म्हणाली तानाबाई. घशातनं एकेक फळ वर काढतोय आणि फटीतनं देतोय, आतनं चोच येती आणि घेती. चिमणाबाई म्हणती, तिच्या नवऱ्यानं आयुष्यात एक पेरू हातात दिला न्हाय. सगळ्या हसल्या. बिया बायका पदरात गोळा करून आणतायत, मी त्या हातानं चाचपून वेगळ्या केल्या आणि फडक्यात बांधून ठेवल्यात. उंबराच्या बारीक, वडाच्या त्याहून बारीक, आणि एक टपोरी बी हाय ती कुणालाच ओळखंना.

पण तो वाळत चाललाय म्हणतात. दोघांचं खाणं एकट्यानं आणायचं. तानाबाईनं त्याला जावई नाव ठेवलंय. कुणी विचारलं की, जावई आलं काय गं, तर सगळ्या दाराकडं बघतात, आणि परवा खरंच कुणाचा तरी जावई आलता, तो बिचारा लाजला. रोज पाळी लावून कोणतरी बघून येतंय. तुझे डोळे तिकडं हापिसात, हितं बायकांचे डोळे हायत, चालतंय की.

आता माझं ऐक. यंदा मे महिन्यात जेठाचा अधिक लागतोय. तुझ्या लग्नाला किती वर्षं झाली आणि एकदाबी धोंड्याचं जेवण झालं न्हाय. तुझी आई असती तर तिनं श्रीशैलला हाताला धरून आणलं असतं. आता तिच्या जागी मी हाय. पुरणाचे धोंडे करते, अनारसं करते. दोघं या. श्रीशैलला अनारसं चालतंय का ते कळव, गोड कमी खातो असं कुणीतरी म्हणालतं.

चिक्कव्वा

कोल्हापूर
२० एप्रिल १९९९

ती. चिक्कव्वास शरणार्थ,

आधी बस. मग वाच, किंवा वाचून घे.

तुझ्या दोन्ही पत्रांतला मजकूर मी एप्रिलच्या पत्रकात छापला. तुला विचारलं नाही. पत्रक काढायला बसले तर नेहमीचंच सुचत होतं, कोणी काय केलं नाही त्याची यादी. ती फाडली आणि "बेहड्यावरची माहेरवाशीण" असं नाव देऊन तुझा मजकूर तसाच दिला. पेरूचं, पदरातल्या बियांचं, सगळं.

चिक्कव्वा, टपाल आवरेना झालंय. कबनूरच्या त्या माणसानं नाव परत घालायला सांगितलं आणि मागावरचे आणखी दोघं आणले. पन्हाळ्याच्या एका हॉटेलवाल्यानं विचारलंय की आमच्या तटाखाली घुबडं आहेत, लिहू का. पाच वर्षं मी पत्रकं पाठवली, नाव कमी करा म्हणण्याशिवाय कुणी पोस्टकार्डाचा तुकडा टाकला नाही. आणि आता सगळ्यांचा एकच प्रश्न, माहेरवाशीण कशी आहे. सगळ्यांना बघायचंय.

मला माहीत आहे मी काय लिहिलं होतं. गर्दी नको. पण ही माणसं आता हातची गेली तर पुन्हा येणार नाहीत. लांबून, गप्प राहून, थोड्या वेळासाठी दाखवायला हरकत नाही असं मी स्वतःला समजावलंय. २३ मे, रविवारी मी त्यांना घेऊन येते. तुमच्या वाडीच्या केरबाचा टेम्पो ठरवलाय, बाकडी टाकून. खास काही करू नको. नियमांचा कागद सोबत आहे.

विद्या

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चाफवाडी
८ मे १९९९

चि. विद्याश्रीस आशीर्वाद.

तू येतीस, बास. बाकीचा कागद मी बघितला न्हाय.

रविवार बरा हाय, अधिकातलाच. किती पावणं येणार ते काय कळवलं न्हाईस, मी आपलं पोटभर धरलंय. पुरणाला डाळ निवडून झाली. दारात मांडव घालते, उन्हाचं लोक कुठं बसणार. श्रीशैलला धोतर घेतलंय, पॅन्टवाल्यांना चालत न्हाय माहीत हाय, तरी घेतलंय. अनारशाचं विचारलं होतं ते तू लिहिलं न्हाईस.

माहेरवाशीण बरी हाय. आतनं आता दोन आवाज येतात म्हणतात, एक बारीक. मी पण ऐकला. नवीन पोरगं भाकरी मागतं तसा.

चिक्कव्वा

कोल्हापूर
१८ मे १९९९

ती. चिक्कव्वास शरणार्थ,

घाईत लिहिते. दोन आवाज, म्हणजे पिल्लू आहे. किती आनंद झाला सांगता येत नाही.

मला रविवारी जमत नाही. मुंबईहून साहेब येतायत, रविवार असून ऑफिस आहे. पण गट येईल, ठरल्याप्रमाणे. आकाराम सर स्वतः येतायत, त्यांना सगळं समजावलंय. श्रीशैलला असल्या जेवणाचं फारसं नसतं, तू मनाला लावून घेऊ नको. पुढच्या अधिकाला नक्की.

बायकांना त्या दिवशी झाडाकडे जाऊ देऊ नको.

विद्या

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चाफवाडी
२५ मे १९९९

चि. विद्याश्रीस.

तुझं १८ तारखेचं पत्र सोमवारी पोचलं. रविवार होऊन गेल्यावर.

मी सकाळपासनं दारात बसल्ते. टेम्पोचा आवाज आला तशी उठले. माणसं उतरली, पावणं मंडळी भली होती, सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. मी प्रत्येकाच्या आवाजात तुझा आवाज शोधत होते. मग आकाराम सर म्हणाले, विद्याताईंना काम निघालं.

ताट मांडलेलं होतं, विद्या. पाटाभोवती रांगोळी. वर जोडव्यांची जोडी, धोतर, अनारसं. ते तसंच ठेवून मी आत गेले. तानाबाईला ते बघवलं न्हाय. तिनं काय केलं, ताट उचललं आणि म्हणाली, एक जावई न्हाय आला तर दुसरा हाय की दारात, तो तर रोज राबतोय. चला, त्याला जेवायला घालू. तिचा हेतू मला हसवायचा होता. बायकांना ते पटलं, निघाल्या. वाडीतली बाकीची बी निघाली. कुणीतरी हलगी घेतली. जावयाला वाजवत न्यायचं असतं ना. मीच म्हटलं, वाजवा.

तिकडं तुझी माणसं झाडाखाली आधीच होती. लांब बसा म्हणून सांगितलं असशील, पण इतक्या लांबनं आल्यावर कोण लांब बसतंय. दोन्हीकडची गर्दी बेहड्याखाली एकत्र आली. ताट बुंध्यापाशी ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात तो आला. आवाज मी ओळखला. चिमणाबाई म्हणाली, चोचीत लाल फळ होतं. कॅमेऱ्याचा लखलखाट झाला, हलगी चालूच. तो वरनं एक फेरा मारून गेला. फळ खाली पडलं, ते ताटातच पडलं म्हणतात.

त्यानंतर तो आलेला न्हाय. काल न्हाय, आज न्हाय. तासाला कोण ना कोण जाऊन बघतंय, आला का, आला का. आतली दोघं पहिल्या दिवशी ओरडत होती. आज बारीक आवाज थांबलाय.

तू नीट बजावलं होतंस. मी वाजवा म्हटलं. त्या पोरीला मी उपाशी मारलं तर मला घास गोड लागणार न्हाय. काय करायचं ते लगेच लिही.

चिक्कव्वा

कोल्हापूर
२७ मे १९९९

ती. चिक्कव्वास,

तार करणार होते, पण तारेत हे मावत नाही.

कुणीही झाडाकडे जायचं नाही. कुणीही म्हणजे कुणीही, बघायलासुद्धा नाही. तासातासाला जाऊन बघताय म्हणूनच तो येत नसेल. तो जवळच कुठंतरी बसलेला असतो, माणूस दिसला की मागं फिरतो. वाट रिकामी ठेवा. कारखाना दोन दिवस बंद ठेवता आला तर ठेव. नोंद गेली तरी चालेल. मला आता नोंद नको आहे, ती दोघं जगली पाहिजेत.

तुला दोष देत नाही. गर्दी मी पाठवली. माणसं मिळाली म्हणून माझं डोकं फिरलं होतं. आणि यायचं तेव्हा मी आले नाही. साहेब सोमवारी आले, रविवारी मी ऑफिसात नुसती बसून होते. खरं सांगायचं तर आईच्या जागी तू ताट घेऊन उभी राहशील, ते मला बघवलं नसतं. म्हणून मला कारण हवंच होतं.

आता दुसरं. काल रात्री तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. मी ती आजवर फक्त धनेशासाठी वाचत होते. चिमणाबाई म्हणाली. तानाबाई म्हणाली. म्हणतात. तू एकदाही "मला दिसलं" असं लिहिलेलं नाहीस. पंखांचा आवाज तू लिहिलास, पिल्लाचा आवाज तू लिहिलास, बिया तू हातानं चाचपल्यास. माझ्या माणसांत तू माझा आवाज शोधत होतीस. आणि ते अक्षर, एका ओळीत चार शब्द. मी तुला पेन बदल म्हणाले.

चिक्कव्वा, तुला दिसतंय का?

चिमणाबाई, हे पत्र तुम्ही वाचत असाल. मार्चमध्ये तुमच्याबद्दल लिहिलं त्याची मला लाज वाटते. अव्वा खोटं सांगायला लागली तर तुम्ही खरं कळवा.

विद्या

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चाफवाडी
४ जून १९९९

चि. विद्याश्रीस अनेक आशीर्वाद.

चिमणाबाईनं पत्र वाचलं आणि तुझ्या प्रश्नापाशी थांबली. पेन माझ्या हातात दिला. मग म्हणाली, लिवा आता खरं, न्हायतर मी लिवते आणि माझं अक्षर तुमच्याहून घाण हाय.

न्हाय दिसत. डाव्यानं दिवाळीपासनं न्हाय, उजव्यानं उजेड आणि माणसाची सावली एवढंच. मोतीबिंदू हाय म्हणाले आजऱ्याचे डॉक्टर, कोल्हापूरला जाऊन काढा. मी म्हटलं, काजूचा हंगाम होऊ दे. मनात भ्या होतं, दुसरं काय.

तुला का न्हाय सांगितलं? तू लिहिलंस डोळ्यांनी बघायचं काम हाय. मी म्हटलं असतं मला दिसत न्हाय, तर तू दुसरा माणूस शोधला असतास. आणि मग तुझी पत्रं यायची बंद झाली असती. वर्षानुवर्षं संक्रांतीला एक आणि दिवाळीला एक पत्र यायचं तुझं. ह्या पाखरांमुळं महिन्याच्या महिन्याला यायला लागली, रागावलेली का असंनात. मी सोडते होय.

आता पाखरांचं. शनिवारी पत्र आलं तसा कारखाना बंद केला. केरबाला सांगून ठेवलं, वाडीच्या अलीकडं हॉर्न मारायचा न्हाय. बायका आपापल्या घरात. तानाबाईनं दोन दिवस चूल पेटवली न्हाय, तिला वाटतंय तिच्यानंच झालं. तू लिहिलंस, कुणी बघायला जायचं न्हाय. मी विचार केला, मला बंदी कशाची, मला दिसतंच न्हाय. कुंपणाला हात लावत लावत मागच्या काजूपर्यंत गेले आणि खाली बसले. एकटी. तुझ्या पत्रकात लिहिलं होतं तशी, पहिल्यांदाच.

रविवारी दुपारपर्यंत काय न्हाय. नुसते किडे. आतनं एक आवाज यायचा, मोठा, तोही थकलेला. मी मनात म्हटलं, बाई, थोडा दम धर. गळ्यातल्या लिंगाला हात लावून बसले. आणि ऊन कललं तेव्हा भाता आला. एकदा आला, गेला, पुन्हा आला. ढोलीपाशी थांबला. मग आतनं बारीक आवाज. मी तिथंच बसून रडले, विद्या. कुणी बघायला नव्हतं म्हणून पोटभर रडले.

त्यानंतर रोज जाते. आज सकाळी वेगळंच झालं. ढोलीपाशी आधी ठकठक चालली, बराच वेळ, आतनं फोडल्यासारखी. मग कायतरी खाली पडलं. मग एक भाता उडाला. त्याच्या मागनं दुसरा. मग सगळं गप्प. आणि मग तिसरा आला, हलका, मधेच अडखळणारा, जवळच्या आंब्यावर धप्पकन बसला. तिथनं पुन्हा उठला आणि त्या दोघांच्या मागं गेला, धरणाकडं.

संध्याकाळी चिमणाबाईला लांबनं बघायला लावलं. ती म्हणाली, ढोलीचं तोंड फुटलंय, आत कुणी न्हाय. किती गेले ते तिला सांगता येईना. मी सांगते, तीन. पण मी बघितलेलं न्हाय. तुझ्या नियमात बसत न्हाय, हे मला माहीत हाय. लिहायचं का न्हाय ते तू ठरव.

जाताना तिची ओटी भरायची राहून गेली.

चिक्कव्वा

कोल्हापूर
८ जून १९९९

ती. चिक्कव्वास शरणार्थ,

पत्र आज सकाळी आलं आणि संध्याकाळी सभा होती. तुझं पत्र मी तिथं वाचून दाखवलं. तुझ्या आणि माझ्यातलं गाळणार होते, मग गाळलं नाही. कबनूरची माणसं आली होती. ज्यानं त्या दिवशी कॅमेरा नेला होता तो मागं खिडकीपाशी उभा होता, वाचताना तिसऱ्याच्या पंखांचा आवाज आला तसा खाली बसला.

नोंदीत शेवटी मी असं लिहिलंय: "४ जून, सकाळ. तीन पक्षी ढोलीतून व झाडावरून धरणाच्या दिशेने गेले. पंखांच्या आवाजावरून. नोंद: बसम्मा, चाफवाडी." आकाराम सर म्हणाले, डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आपल्याच पत्रकाच्या विरुद्ध आहे. मी म्हटलं, ते पत्रक मी लिहिलं होतं, त्यातली ती ओळ मी आज काढून टाकते. मंडळाचं काय करायचं ते पुढच्या महिन्यात बघू म्हणाले. मी वाद घातला नाही. चालू राहिलं तर आनंद आहे, नाही राहिलं तरी ही माणसं आता मला पत्रं लिहितील. पन्हाळ्याचं घुबडांचं पत्र टेबलावर आहे.

इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, पुढच्या मंगळवारची. चिमणाबाई, तुम्ही पिशवी भरून ठेवा, अव्वा काही ना काही कारण काढेल. तानाबाईंना सांगा, त्यांनी त्या दिवशी ताट उचललं नसतं तर मी आजही तुमची पत्रं फक्त फळांसाठी वाचत बसले असते. त्यांना जेवायला सांगा.

चिक्कव्वा, मी घरट्याकडे जाणार नाही. ते आता रिकामं आहे, मला घाई नाही. आधी तुझ्या दारात येते. केरबाचा टेम्पो नाही, हॉर्न नाही, एसटीनं. अधिक महिना येत्या रविवारी संपतो, मी पंचांगात बघितलं. आम्ही दोघं शनिवारी दुपारी पोचतो.

श्रीशैलला अनारसे चालतात.

तुझी
विद्या